मधली वाट

सम्मेद मगदूमच्या हातातून ब्रश पडला तेव्हा त्याला वाटलं, बोटं घामानं निसरडी झाली असतील. त्यानं ब्रश उचलला, तो पुन्हा पडला. पुन्हा उचलायला वाकला तेव्हा उजव्या हाताची बोटं दुसऱ्याच कुणाची असावीत तशी गार आणि जड लागली. ओठाचा उजवा कोपराही बधिर झाला होता.

सम्मेद दात बनवायचा. जयसिंगपुरात त्याची छोटी लॅब होती आणि आसपासच्या गावांतले दंतवैद्य त्याच्याकडे मापं पाठवायचे. दाताचा आकार हल्ली यंत्रच कोरून द्यायचं. पण समोरच्या दाताला रंग द्यायचा तर अजून माणूसच लागायचा. हिरडीपाशी किंचित पिवळट, मध्ये दुधी, कडेला जवळजवळ पारदर्शक निळसर, आणि शेजारच्या खऱ्या दातावर एखादी बारीक रेघ असेल तर तीसुद्धा. आपल्या तोंडातला बनवलेला दात कुठला हे त्या माणसाला स्वतःलाही आठवू नये, असा सम्मेदचा हट्ट असे.

त्याची बायको त्रिशला दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. सकाळी आलेल्या दुधाचे नमुने तपासायचे, फॅट किती, पाणी किती, काही मिसळलंय का ते बघायचं. डोळ्यांना सगळं दूध सारखंच पांढरं दिसतं, त्यामुळे डोळ्यांवर तिचा फारसा भरवसा नव्हता. आकडा आला की तिला बरं वाटायचं.

त्यांना एकच मुलगी झाली होती, चंदना. अकराव्या वर्षी ती डेंग्यूनं गेली. त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. लोकांच्या दृष्टीनं दोघंही सावरली होती. पण सम्मेद अजून चंदनाच्या शाळेवरून जायचा नाही, रेल्वे फाटकाकडून वळसा घालून जायचा. लहान मुलाच्या दाताचं काम आलं की त्या दिवशी घरी आल्यावर बेसिनचा नळ सोडायचा आणि बराच वेळ तोंड धूत राहायचा. त्रिशलाला ते कळायचं. ती स्वतः रडायची नाही. घरात एक जण रडतोय म्हटल्यावर दुसऱ्यानं स्वयंपाकाला लागायचं असतं, असं तिनं पहिल्याच वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं. कधीकधी मात्र ती वैतागायची. "अहो, किती दिवस असं?" असं एकदा म्हणालीही होती. सम्मेद उठून लॅबकडे निघून गेला होता.

मिरजेच्या ज्या रुग्णालयात ते गेले तिथं डॉ. शिरीन मुजावर मेंदूच्या आतल्या भागातल्या शस्त्रक्रिया करत. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, समोरचा बोलत असताना मध्ये न बोलणाऱ्या बाई. त्यांनी पडद्यावर सम्मेदच्या मेंदूचं चित्र आणलं. डाव्या बाजूला अगदी खोलवर, थॅलॅमस म्हणतात त्या भागात, पिकलेल्या तुतीसारखं काहीतरी होतं.

"हा रक्तवाहिन्यांचा पुंजका आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सर नाही. जन्मापासूनच असेल. पण त्याच्या भिंती कमजोर आहेत. या वेळी जरासं रक्त पाझरलं म्हणून हात बधिर झाला. पुढच्या वेळी किती पाझरेल, कधी पाझरेल, कुणी सांगू शकणार नाही."

"काढता येईल?" त्रिशलानं विचारलं.

"तो काढणं फार अवघड नाही. तिथपर्यंत पोचणं अवघड आहे."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मेंदूच्या इतक्या आत जायचं म्हणजे वरच्या निरोगी भागातूनच जावं लागतं. आता पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी वापरतात. ती मज्जातंतू न कापता बाजूला सारत आत जाते. तरी काही तंतू दाबले जातात, काही चिरडतात, आणि पुंजका सोडवताना आतल्या टोकाशी काही जातातच. शस्त्रक्रियेनंतर माणसाचा हात लुळा पडतो, बोलणं अडखळतं, अर्धी नजर जाते, ती बहुतेक वेळा त्या वाटेमुळे. कुठले तंतू कुठून कुठे जातात याचे नकाशे पूर्वीपासून होते. पण अमुक तंतू अमुक माणसाच्या काय उपयोगाचे आहेत हे नकाशावरून कळत नसे. ते शस्त्रक्रियेनंतरच कळायचं.

"आता ते आधी बघता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही त्याला रंगीत तालीम म्हणतो."

डोकं उघडायचं नाही. एक हेल्मेट घालायचं. त्यातून शेकडो दिशांनी ध्वनिलहरी आत सोडायच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या. एकेक लहर इतकी क्षीण की वाटेत कशालाच धक्का लागत नाही. पण त्या सगळ्या जिथं एकत्र येतात, तेवढ्याच जागेतल्या पेशी काही तास गप्प होतात आणि मग आपोआप जाग्या होतात. ज्या वाटेनं नळी न्यायची, त्या वाटेवरचे जे तंतू जाण्याची भीती आहे तेवढे असे गप्प करायचे, आणि माणूस कसा वागतो ते पाहायचं. शस्त्रक्रियेनंतर आपण कसे असू, ते त्या माणसाला एक दिवस आधी जगून बघता येतं.

"तुमच्या बाबतीत तीन वाटा आहेत," डॉक्टर सम्मेदला म्हणाल्या. "कानाच्या वरून, बाजूनं. मागून. आणि दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या फटीतून, वरून खाली. तिन्ही तालमी करू. मग तुम्ही ठरवा. मी माझं मत सांगेन, पण राहायचं तुम्हाला आहे त्या डोक्यात."

बाजूच्या वाटेच्या तालमीत सम्मेदचे शब्द अडकले. कात्री दाखवली तर "ते... ते कापायचं" म्हणाला. उजवा हात उचलायचा, पण बोटं बारीक कामाला वळत नव्हती. डॉक्टरांनी मुद्दाम त्याच्याच लॅबमधला दात आणि ब्रश मागवून घेतले होते. त्यानं रंगवलेला दात पाहून तोच हसला. "तंबाखू... खाणाऱ्याचा," म्हणाला. डॉक्टर म्हणाल्या, या वाटेनं गेलो तर हात आणि बोलणं दोन्ही काही प्रमाणात कायमचं जाईल. व्यायामानं थोडंफार परत येईल, सगळं नाही.

मागच्या वाटेच्या तालमीत उजवीकडची नजर गेली. समोरचा पेला घ्यायला गेला की हात पेल्याच्या शेजारी पडायचा. जिना उतरताना त्रिशलानं त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता. ती वाट दोघांनीही त्याच दिवशी सोडून दिली.

शुक्रवारी मधल्या वाटेची तालीम झाली. हेल्मेट काढल्यावर सम्मेद उठून बसला आणि म्हणाला, "सुरू केलं की नाही अजून?"

चाचण्या घेतल्या. बोलणं पूर्ण. नजर पूर्ण. हात पूर्ण. गोष्ट ऐकवून तासाभरानं परत विचारली, त्यानं बारीकसारीक तपशिलांसकट सांगितली. दात तर असा रंगवला की तिथली सिस्टर तो हातात घेऊन खिडकीपाशी गेली. पडद्यावर एकामागून एक पूर्ण गुण उमटत होते. ते बघता बघता त्रिशलाच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं.

"घरी जा," डॉक्टर म्हणाल्या. "परिणाम उद्या पहाटेपर्यंत राहील. इथं न दिसणाऱ्या गोष्टी कधीकधी घरी दिसतात. काही वेगळं वाटलं तर लक्षात ठेवा. सोमवारी या, काय ते नक्की करू."

ते रिक्षानं निघाले. अंकलीचा पूल ओलांडून जयसिंगपुरात शिरल्यावर रिक्षावाल्यानं नेहमीचा सरळ रस्ता धरला. त्रिशला त्याला फाटकाकडून घ्यायला सांगणार, तोच शाळा आली.

सम्मेद बाहेर वाकून बघत म्हणाला, "चंदनाची शाळा. रंग दिलाय वाटतं नवीन. पहिला बरा होता."

त्रिशला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो एखाद्या ओळखीच्या दुकानाकडे बघावं तसा शाळेकडे बघत होता.

घरी त्यानं सूर्य मावळायच्या आत पोटभर जेवण केलं. आमटी दोनदा मागून घेतली. त्रिशलानं प्रयोगशाळेतली एक गंमत सांगितली, एका माणसानं म्हशीच्या दुधाच्या नावाखाली काय काय आणून दिलं होतं त्याची. सम्मेद मोठ्यानं हसला. असा हसलेला तिनं कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मग तोच चंदनाबद्दल बोलायला लागला. ती अक्षर कसं तिरकं काढायची, झोपताना उशी पायाशी कशी न्यायची. तापाचे ते चार दिवसही त्यानं सांगितले. कुठल्या दिवशी काय झालं, रक्ताच्या पिशव्या यायला किती उशीर झाला. सगळं बरोबर. आवाज कुठे हलला नाही.

"तुम्हाला त्रास नाही होत हे बोलताना?" तिनं विचारलं.

त्यानं विचार केला. "नाही," म्हणाला. "आठवतंय सगळं. पण लागत नाही. हलकं वाटतंय गं."

त्रिशला भांडी घासायला उठली. तिला भीती वाटली. आणि त्या भीतीच्या बरोबरच, ती स्वतःशीही कबूल करणार नव्हती असं एक बरं वाटणं होतं. घर शांत होतं. बेसिनचा नळ वाहत नव्हता.

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा सम्मेद चंदनाच्या कपाटापाशी जमिनीवर बसला होता. गुडघ्यांत डोकं घालून रडत होता.

"अहो, काय झालं?"

"काल मी तिच्याबद्दल बोललो," तो म्हणाला. "पेपरातली बातमी सांगावी तसं. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"ती वाट नको मला."

त्रिशला त्याच्या समोर बसली. "असं घाईनं ठरवू नका. हात शाबूत, बोलणं शाबूत. सगळ्या चाचण्या पूर्ण आल्यात."

"चाचणीत हे नव्हतं."

"बाजूनं गेलं तर हात जाईल. दात कसे करणार?"

"डाव्यानं शिकीन. नाही जमलं तर कवळ्या करीन साध्या. त्याला रंग लागत नाही."

"आणि बोलणं?"

"कमी बोलीन. तू तसंही कुठं ऐकतेस माझं?" तो रडता रडता जरासा हसला. मग गंभीर झाला. "त्रिशला, तिचे कपडे आपण देऊन टाकले. तिची सायकल दिली. माझ्यापाशी तिचं राहिलंय ते एवढंच आहे. हे दुखणं. हे पण काढून टाकलं तर मी बाप कुणाचा?"

तिनं आणखी थोडा वेळ समजूत घातली. तो बधला नाही. शेवटी म्हणाली, "बरं. सोमवारी सांगू डॉक्टरांना."

सोमवार उजाडायच्या आधीच ते झालं. रविवारी सकाळी राहिलेलं एक काम पुरं करायला सम्मेद लॅबमध्ये गेला आणि तिथंच दात भाजायच्या भट्टीशेजारी कोसळला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं आवाज ऐकून त्रिशलाला फोन केला. ती पोचली तेव्हा तो डोळे उघडत नव्हता, उजवी बाजू पूर्ण सैल पडली होती.

मिरजेत डॉक्टर मुजावर रुग्णवाहिकेच्या दारापर्यंत आल्या. स्कॅन झालं. रक्तस्राव मोठा होता, पण अजून आवरण्यासारखा होता.

"आत्ताच घ्यायला हवं," त्या म्हणाल्या. "रक्त काढायचं आणि त्याच वाटेनं पुंजकाही काढायचा. मागची वाट तुम्ही सोडलीच होतीत. बाजूनं किंवा मधून, दोन्हीकडून जाता येईल. त्यांचं काही ठरलं होतं?"

त्रिशलाच्या तोंडात शब्द तयार होता. *बाजूची.* काल सकाळी ठरलं होतं, त्यात शंका नव्हती. पण समोर स्ट्रेचरवर तो पडला होता, तोंडाचा कोपरा ओघळलेला, उजवा हात चादरीबाहेर लोंबत असलेला. सिस्टरनं तो हात उचलून आत ठेवला, तो पुन्हा घसरला. आणि तिला शुक्रवारची संध्याकाळ आठवली, आमटी मागून घेणारा, हसणारा.

"मधली," ती म्हणाली.

"त्यांनीच ठरवलं?"

"हो. त्यांनीच."

"शुक्रवारी घरी काही वेगळं नाही ना दिसलं?"

"नाही."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. "मलाही तीच बरी वाटत होती," असं म्हणून त्या आत गेल्या.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पुंजका पूर्ण निघाला. सूज आली नाही, पाणी साठलं नाही, पुन्हा रक्त आलं नाही, झटका आला नाही. उजवी बाजू रक्ताच्या दाबानं सैल पडली होती, ती काही आठवड्यांत पूर्ववत झाली. शुद्धीवर आल्यावर सम्मेदनं त्रिशलाला ओळखलं, तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तू जेवलीस का?"

ती त्या क्षणी इतकी सुखावली की बाकीचं सगळं तिला क्षुल्लक वाटलं.

दिवाळीच्या आत सम्मेद लॅबमध्ये परत जायला लागला. हात पूर्वीपेक्षाही स्थिर झाला होता. काम वाढलं. तो आता शाळेवरूनच जायचा, जवळ पडतं म्हणून. शेजारीपाजारी, नातेवाईक सगळे म्हणायचे, माणूस किती खुलला. त्रिशलाशी तो चांगला वागायचा. भाजी चिरून द्यायचा, तिला उशीर झाला तर न्यायला यायचा, तिचं बोलणं मन लावून ऐकायचा. चिडायचा नाही. कुठल्या गोष्टीचं वाईट वाटलं असं त्याच्या तोंडून येत नसे.

एकदा बसनं कामावरून परतताना त्रिशलाच्या पुढच्या सीटवर दोन वेण्या घातलेली एक मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. त्रिशला पदराचा बोळा तोंडाशी धरून रडायला लागली आणि तिला थांबताच येईना. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. त्रिशलाला स्वतःचंच नवल वाटलं. इतक्या वर्षांत ती अशी रडली नव्हती.

मग ते वरचेवर होऊ लागलं. प्रयोगशाळेत, देवळातून येताना, भाकरी थापताना. हळूहळू तिला उमगलं की इतकी वर्षं सम्मेद रडायचा म्हणून तिला रडावं लागलं नव्हतं. तो तिच्या वाटचंही रडत होता. आता त्या घरात चंदनासाठी रडणारं ती एकटीच उरली होती, आणि आजवर न रडलेलं सगळं तिच्यापाशी आलं होतं.

चंदनाच्या स्मृतिदिनी दरवर्षी ते वाचनालयाला मुलांची पुस्तकं द्यायचे. तिथून आल्यावर सम्मेद दिवसभर झोपून राहायचा. या वर्षी त्यानंच आठवण केली, पुस्तकं त्यानंच निवडली, ग्रंथपालांशी हसून बोलला. परत येताना म्हणाला, "मला चारपर्यंत एका दाताची कॅप द्यायची आहे. तू घरी जाशील ना? की सोडू?"

"थोडा वेळ बसा की माझ्याजवळ आज," त्रिशला म्हणाली.

"बसतो की." तो लगेच बसला. वाचनालयाच्या पायरीवर, तिच्या शेजारी. तिला रडू आलं तेव्हा रुमाल काढून दिला. मधून मधून घड्याळाकडे बघत होता, लपवून नव्हे, सरळच. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता.

पुढच्या तपासणीला त्रिशला एकटीच आधी डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टर आनंदात होत्या. दिल्लीच्या परिषदेत त्यांनी सम्मेदची केस मांडली होती. इतक्या खोल जागेवर, तेही रक्तस्राव होत असताना केलेली शस्त्रक्रिया, आणि नंतर कसलीही गुंतागुंत नाही. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले होते म्हणे.

"मॅडम," त्रिशला म्हणाली, "त्यांना दुःख होत नाही."

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. त्रिशलानं सगळं सांगितलं. शाळा, जेवण, कपाट, शनिवारचं बोलणं. आणि रविवारी स्ट्रेचरपाशी ती काय म्हणाली ते.

डॉक्टरांनी पडद्यावर सम्मेदच्या मेंदूचं जुनं चित्र आणलं. मग म्हणाल्या, "मधल्या फटीच्या तळाशी तंतूंचा एक पट्टा असतो. वेदना जाणवणं वेगळं आणि ती लागणं वेगळं. लागण्याचं काम बरंचसं तिथून चालतं. मला ते माहीत होतं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तो पट्टा बाजूला सारता येईल असं वाटलं होतं, आणि चाचण्या पूर्ण आल्या म्हणून मी तिथंच थांबले. हात विचारला, डोळे विचारले, शब्द विचारले. त्यांना मूल होतं का, हेसुद्धा मी विचारलं नाही."

"मी तुमच्याशी खोटं बोलले."

"हो." त्यांनी ते सौम्य करून सांगितलं नाही. "त्यांचा निर्णय होता तो."

"परत येईल का? काही केलं तर?"

"इतके महिने झालेत. मला नाही वाटत. ध्वनिलहरींनी झोपवलेले तंतू जागे होतात. चिरडलेले जुळत नाहीत." मग म्हणाल्या, "दिल्लीत जे सांगितलं ते मला दुरुस्त करावं लागेल. पण त्यांना सांगायचं का, ते मात्र तुम्ही बघा. मी नाही सांगणार."

त्रिशलानं पुढच्याच रविवारी सम्मेदला सांगायचं ठरवलं. दुपारची वेळ होती. सम्मेद पुढच्या खोलीत पंख्याखाली संत्रं सोलत बसला होता. ती त्याच्या समोर येऊन बसली. तिनं पुष्कळ तयारी केली होती. तो ओरडेल, उठून निघून जाईल, महिनाभर बोलणार नाही, या सगळ्याची तिनं कल्पना केली होती. तो संतापला असता तर तिला पाय धरता आले असते.

"अहो, तुम्हाला मधली वाट नको होती," ती म्हणाली. "ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्ही मला स्पष्ट सांगितलं होतं. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. तुमचा हात जाऊ नये म्हणून. आणि..." तिला शब्द शोधावा लागला. "आणि मला कंटाळा आला होता तुमच्या रडण्याचा."

सम्मेदनं संत्र्याची एक फोड तिच्यापुढे केली. "ठाऊक आहे मला."

"काय?"

"मी नको म्हटलं होतं ते. कपाटापाशी बसलो होतो. आठवतंय की सगळं."

त्रिशलानं हातातली फोड तशीच खाली ठेवली. "कधीपासून आठवतंय?"

"शुद्धीवर आलो तेव्हापासून. हात नीट हलतोय म्हटल्यावर कळलं, मधून गेले म्हणून."

"मग इतके दिवस काहीच बोलला नाहीत?"

त्यानं खरोखर विचार केला. तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता यावं असं त्याला मनापासून वाटत होतं, ते तिला दिसत होतं.

"बोलण्यासारखं काय होतं?" तो म्हणाला. "मला राग आला असेल असं वाटून मी बघितलंही. नव्हता. तुझ्यावर रागवायला पाहिजे हे कळतं मला. पण येत नाही तर काय करू? चांगलंच झालं की. हात आहे, काम आहे. तू आहेस."

"मला माफ करा," ती म्हणाली.

"केलं," तो लगेच म्हणाला.

इतक्या सहज आलेला तो शब्द ऐकून त्रिशलाचा बांध फुटला. ती जमिनीवर वाकून, पोटाशी हात घेऊन रडायला लागली. चंदनासाठी, आणि कपाटापाशी गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या त्या माणसासाठी, ज्यानं तिच्यावर विश्वास टाकला होता आणि ज्याची माफी आता कधीच मागता येणार नव्हती.

सम्मेदनं हात पुसले आणि तिच्याजवळ येऊन बसला. तिच्या पाठीवरून तो हात फिरवत राहिला, एका लयीत, कुठेही जास्त नाही, कुठेही कमी नाही. तिचे हुंदके जरा कमी झाले तेव्हा त्यानं वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं.

"अजून रडायचंय का तुला?" त्यानं विचारलं.

त्रिशलानं मान हलवली. "हो."

"मग बसतो मी," तो म्हणाला, आणि बसून राहिला.